पकड कुठून येते? हँडगनच्या काडतुसांसाठी रिलोडिंग डाय निवडताना

रिलोडिंग म्हणजे उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घरीच पुन्हा भरणं, आणि डाय म्हणजे ती पुंगळी ज्यात दाबतात तो साचा. माझा पहिला डाय-सेट मी घेतला तो स्वस्त होता म्हणून. टेक्सासमधल्या एका गन शोमध्ये, टेबलाखालच्या खोक्यात, .३८ स्पेशलच्या तीन जुन्या पोलादी डाय मिळाल्या. गॅरेजमध्ये प्रेसवर, म्हणजे हँडलने दाब देणाऱ्या यंत्रावर, चढवल्या, सहा पुंगळ्या व्यवस्थित पार पडल्या आणि सातवी आत गेली ती गेलीच. हँडल उलटं ओढलं तर शेलहोल्डरने, म्हणजे पुंगळीचं बूड धरणाऱ्या पकडीने, पुंगळीची कडा ओरबाडून काढली आणि बाकीची पुंगळी डायच्या पोटात घट्ट. मग डीकॅपिंगची (बुडातला जुना प्रायमर, म्हणजे ठिणगीची टोपी, पाडणारी) दांडी उलगडून काढा, पुंगळीच्या बुडातून भोक पाडा, पाव इंचाचा टॅप फिरवून आटे पाडा, वॉशर लावून बोल्ट आवळत पुंगळी इंच-इंच बाहेर खेचा. दोन संध्याकाळी गेल्या. माझे मामा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले. व्हिडिओ कॉलवर सगळं पाहून त्यांनी एवढंच विचारलं, “वंगण कुठाय रे?”

वंगण लावलं नव्हतं, कारण ती डाय वंगण मागते हेच मला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून क्लबात कुणी नवखा “कुठल्या कंपनीच्या डाय घेऊ?” असं विचारतो तेव्हा मी आधी त्यालाच प्रश्न विचारतो. काडतूस कुठलं? प्रेस कुठला? गोळी कसली? कंपनीचं नाव यानंतर.

आधी कायद्याचं

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, तिथे कायदेशीरपणे बंदूक बाळगणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. स्वतःच्या वापरापुरतं रिलोडिंग करायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकण्यासाठी काडतुसं बनवायची असतील तर लागतो. राज्यांचे आणि शहरांचे नियम वेगळे असतात, बंदुकीची दारू आणि प्रायमर घरात किती ठेवता येतात यावरही स्थानिक मर्यादा असतात. ते आपापलं तपासा.

आपल्या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास निसटते. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगण्यावर केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही अडचण उरत नाही. मित्राने भेट दिलेला काडतुसांचा डबासुद्धा ‘बाळगणे’ यातच मोडतो, तेव्हा वकिलाला विचारूनच पुढे जा.

भारतात हा उद्योग घरी करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि त्या कायद्यातल्या ‘दारूगोळा’ या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. थोडक्यात, हौसेनं घेतलेला डाय-सेट पुण्याच्या बॅगेत टाकू नका.

दारूचं वजन, कुठली दारू, किती दाब, यातलं काहीही या लेखात नाही. ते छापील लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचं. इंटरनेटवरच्या कुणाच्या शब्दावर नाही, माझ्याही नाही.

डाय नेमकं काय करते

बार उडाल्यावर पितळी पुंगळी चेंबरभर, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या खोबणीभर, फुगते. तिला पुन्हा मापात आणायचं, जुना प्रायमर काढायचा, नवी गोळी बसेल इतकं तोंड उघडायचं, गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत बसवायची आणि फाकवलेलं तोंड परत मिटवायचं. हँडगनच्या (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) सरळ पुंगळीसाठी हे काम तीन डायमध्ये वाटलेलं असतं. पहिली सायझर, मापात आणणारी, तिच्यातच प्रायमर पाडणारी पिन. दुसरी एक्स्पांडर, तोंड उघडणारी. तिसरी सीटर, गोळी बसवणारी, आणि तिच्याच आत क्रिंप करणारा, म्हणजे तोंड मिटवणारा, खांदा. चार डायच्या सेटमध्ये क्रिंप वेगळी काढलेली असते.

आता माझं ठाम मत सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. गोळी पुंगळीत घट्ट राहते ती सायझर आणि एक्स्पांडर यांच्यामुळे. नवखा माणूस गोळी सैल वाटली की क्रिंप आवळतो. पिस्तुलाच्या काडतुसात त्याने पकड वाढत तर नाहीच, उलट कमी होऊ शकते. गोळीतलं शिसं मऊ, ते दाबलं की दबलेलंच राहतं. पितळ मात्र थोडं उसळून मागे येतं. मग दोघांत फट पडते. म्हणून पैसे आणि लक्ष पहिल्या दोन डायवर जास्त खर्च करा.

पायरी पहिली : काडतूस चेंबरमध्ये कशावर टेकतं

.३८ स्पेशल, .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम ही रिव्हॉल्व्हरची काडतुसं बुडाच्या कडेवर टेकतात. त्यामुळे तोंड गोळीच्या खाचेत आत वळवलं तरी चालतं. हा रोल क्रिंप. ९ एमएम, .३८० ऑटो, .४० एस अँड डब्ल्यू, .४५ एसीपी ही पिस्तुलाची काडतुसं पुंगळीच्या तोंडावर टेकतात. तिथे तोंड आत वळवलं तर टेकायला कडाच उरत नाही आणि काडतूस चेंबरमध्ये वाजवीपेक्षा आत जातं. यांना टेपर क्रिंप, म्हणजे फाकवलेलं तोंड फक्त सरळ करायचं.

जुना सेट घेताना इथेच फसगत होते. .४५ एसीपीच्या काही जुन्या सीटर डायमध्ये रोल क्रिंपचा खांदा असतो, कारण हेच काडतूस रिव्हॉल्व्हरमध्येही वापरतात. डायवर कोरलेलं वाचा. तिथे काही नसेल तर टॉर्च लावून आत बघा. एका ठिकाणी आखूड गोलाई दिसली तर रोल, लांबवर निमुळती होत गेलेली भिंत दिसली तर टेपर.

.३८ आणि .३५७ साठी दोन वेगळे सेट घ्यायची गरज नाही. दोन्हींची जाडी एकच, फरक फक्त लांबीचा : .३८ ची पुंगळी जास्तीत जास्त १.१५५ इंच, .३५७ ची १.२९० इंच. फरक ०.१३५ इंच, आपल्या वर्कशॉपच्या भाषेत १३५ थाऊ. बहुतेक डायचे आटे ७/८ इंची, इंचाला १४. म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला डाय सुमारे ७१ थाऊ खाली येते. .३५७ वरून .३८ वर यायचं तर एक्स्पांडर आणि सीटर जवळजवळ दोन फेरे खाली. काही कंपन्या एवढ्या जाडीची रिंग देतात. मॅग्नमला डायखाली रिंग घालायची, स्पेशलला काढायची, सेटिंग हलत नाही. .४४ स्पेशल आणि .४४ मॅग्नमचीही हीच सोय.

हा ७१ चा आकडा पाठच करा. एक अष्टमांश फेरा म्हणजे नऊ थाऊ. डाय ‘थोडी’ फिरवली म्हणजे किती, हे यातून कळतं.

पायरी दुसरी : प्रेसला भोकं किती

सिंगल स्टेज प्रेसवर एका वेळी एकच डाय चढते, त्यामुळे कितीही डाय चालतात, फक्त हात दुखतो. टरेट प्रेसला, म्हणजे डाय फिरत्या चकतीवर बसतात त्याला, मॉडेलनुसार चार किंवा जास्त भोकं. प्रोग्रेसिव्हमध्ये, म्हणजे हँडलच्या एका ओढीत सगळी कामं एकदम करणाऱ्या प्रेसमध्ये, डिलन कंपनीच्या ५५० ला चार स्टेशनं, ७५० ला पाच, हॉर्नडीच्या लॉक-एन-लोडलाही पाच.

चार भोकं असतील तर सायझर, एक्स्पांडर, सीटर, क्रिंप, हिशेब पुरा. दारू टाकायचं यंत्र मग एक्स्पांडरच्याच डोक्यावर बसवावं लागतं. ली आणि डिलन यांच्या यंत्रांत ती सोय आहे : दारू एक्स्पांडरच्या पोकळ दांड्यातूनच खाली येते. पाचवं भोक असेल तर तिथे पुंगळीतली दारूची पातळी तपासणारी डाय लावावी. प्रोग्रेसिव्हवर दुप्पट दारू पडणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार, आणि हात एका लयीत चालू लागला की डोळे बघायचं सोडतात.

डिलनच्या स्क्वेअर डील बी या प्रेसला ७/८-१४ आट्यांच्या डाय बसत नाहीत, त्याच्या डाय त्याच्याच. जुना प्रेस हाती आला तर मॉडेल बघूनच डाय मागवा.

पायरी तिसरी : सायझर, आणि कार्बाइडची गोष्ट

सरळ पुंगळीसाठी टंगस्टन कार्बाइडची रिंग असलेली सायझर घ्या. यावर चर्चा नको. कार्बाइड इतकं कठीण आणि गुळगुळीत असतं की स्वच्छ पितळ वंगणाशिवाय सरकतं. हॉर्नडी त्याऐवजी टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप देते, तोही काम करतो. साधी पोलादी डाय प्रत्येक पुंगळीला वंगण मागते आणि नंतर ते पुसायला लावते. सातव्या पुंगळीला विसरलात की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

अपवाद मानेच्या पुंगळ्यांचा. .३५७ सिग किंवा ७.६२ टोकारेव्ह बाटलीसारख्या असतात, तिथे साधी पोलादी डाय आणि वंगण हाच रोजचा मार्ग. काउबॉय शूटिंगवाल्यांची .४४-४० दिसते सरळ, पण तिलाही किंचित मान असते. दुकानात “याची कार्बाइड का नाही?” म्हणून हुज्जत घालू नका.

कार्बाइडची रिंग आखूड आणि एकाच व्यासाची असते. ९ एमएमची पुंगळी मात्र निमुळती : बुडाशी ०.३९१ इंच, तोंडाशी ०.३८०. एकाच मापाची रिंग वरून खालपर्यंत नेली की पुंगळीचं खालचं अंगही गरजेपेक्षा दाबलं जातं आणि गोळी बसवल्यावर काडतुसाला कंबर दिसते. घाबरू नका, ते तसंच असतं. फारच खटकत असेल तर रेडिंगची दोन रिंगांची डाय आहे. मला तिची कधी गरज पडली नाही.

सायझर किती खाली जाते हाही निवडीचा मुद्दा आहे. प्रोग्रेसिव्हसाठी बनवलेल्या डायचं तोंड आतून गोलाई देऊन रुंद केलेलं असतं, म्हणजे जरा तिरकी आलेली पुंगळीही अलगद आत शिरते. डिलनची डाय अशी आहे. या गोलाईमुळे रिंग पुंगळीच्या बुडापासून थोडी वरच थांबते. सैल चेंबरमधून निघालेली, खाली फुगवटा असलेली पुंगळी मग पूर्ण मापात येत नाही. लीच्या डाय तुलनेने जास्त खाली जातात. रेंजवरून वेचलेल्या, कुणाच्या बंदुकीतून उडाल्या ते ठाऊक नसलेल्या पुंगळ्या वापरणार असाल तर हा फरक जाणवेल. त्यासाठी थाऊभर आणखी आवळणारी ‘यू-डाय’ही मिळते, पण ती पहिल्याच दिवशी घेऊ नका.

बसवताना एक जपा. कार्बाइड कठीण तसंच ठिसूळ. शेलहोल्डर वर पूर्ण आणून डाय त्याला टेकवा, मग किंचित मागे घ्या, मधून पोस्टकार्ड सरकेल इतकी फट. लीच्या कागदात टेकवायला सांगितलेलं असतं. ज्या कंपनीची डाय, तिचा कागद खरा. माझ्या ओळखीच्या एकाने डाय आवळून-आवळून रिंगेला तडा पाडला. त्यानंतर प्रत्येक पुंगळीवर एक उभी रेघ उमटायची आणि बिचारा पुंगळ्यांनाच दोष देत बसला होता.

डीकॅपिंगची पिन सुटी आणि स्वस्त मिळते ना, तेही बघून घ्या. पिन तुटणारच. बर्डन प्रायमरची पुंगळी, जिच्या बुडाला मध्ये एका भोकाऐवजी बाजूला दोन असतात, चुकून आत गेली की पिनेचा निकाल लागला. .४५ एसीपी वेचत असाल तर काही पुंगळ्यांना मोठा प्रायमर, काहींना छोटा, हे आधी निवडून वेगळं करा. डायला त्याने फरक पडत नाही, पण पुढे प्रायमर बसवताना प्रेस अडतो.

पायरी चौथी : एक्स्पांडर, जिच्याकडे कुणी बघत नाही

दुकानदार सायझरची जाहिरात करतो, सीटरच्या मायक्रोमीटरची करतो. एक्स्पांडर म्हणजे एक साधा दांडा, त्याची जाहिरात काय करणार? पण हातात घेऊन व्हर्नियर लावा. त्याचा व्यास गोळीच्या व्यासापेक्षा दोन-तीन थाऊ कमी हवा. ९ एमएमची तांब्याच्या आवरणाची गोळी ०.३५५ इंच, तर दांडा ०.३५२ ते ०.३५३. एवढ्याच फरकाने पितळ गोळीला कवटाळतं.

आता तीच डाय घेऊन तुम्ही शिशाच्या ओतीव किंवा रंगीत लेपाच्या गोळ्या भरायला घेता. त्या ०.३५६, कधी ०.३५७. दांडा जॅकेटच्या गोळीच्या हिशेबाने केलेला, म्हणून पुंगळी आतून जास्त अरुंद. मऊ शिशाची गोळी आत शिरताना पुंगळीच तिला पिळून बारीक करते. बाहेरून काडतूस देखणं. रेंजवर गोळ्या कागदाला आडव्या भोसकतात आणि नळीत शिशाचा थर बसतो. माणूस गोळी बदलतो, दारू बदलतो, बंदूक विकायच्या गोष्टी करतो. गुन्हेगार मात्र तो वीसेक डॉलरचा दांडा.

संशय आला तर दारू आणि प्रायमर नसलेलं डमी काडतूस बनवा, ठोकून गोळी काढायच्या हातोडीने ती परत बाहेर काढा आणि मोजा. ०.३५६ ची गोळी ०.३५४ होऊन बाहेर आली तर एक्स्पांडर बदला. लायमनचा ‘एम’ प्रकारचा दांडा यासाठी सगळ्यात चांगला. त्याला दोन पायऱ्या असतात : खालची गोळीपेक्षा बारीक, वरची किंचित मोठी. पुंगळीच्या तोंडाशी एक सरळ बैठक तयार होते आणि गोळी तिच्यात पाटावर बसल्यासारखी ताठ बसते. साध्या दांड्याने तोंड फक्त कर्ण्यासारखं फाकतं, त्यात गोळी डुगडुगते आणि तिरकी उतरते. ९ एमएममध्ये १४७ ग्रेन वजनाची लांब गोळी तिरकी उतरली की पुंगळीला एका बाजूने पोट सुटतं, कारण या पुंगळीची भिंत आत खाली-खाली जाड होत जाते.

तोंड किती फाकवायचं? गोळी बोटाने तोंडावर ठेवल्यावर न पडता उभी राहील आणि आत जाताना शिसं खरवडलं जाणार नाही, इतकंच. कडेला शिशाची गोल कात निघाली तर कमी पडलं. सीटर डायच्या तोंडाला पुंगळी घासायला लागली तर जास्त झालं. जास्त फाकवलेलं पितळ चार-पाच वापरांत कडेला चिरतं, हे .३८ मध्ये पटकन दिसतं.

पायरी पाचवी : सीटर

इथे फार विचार नको. बघायचं ते सीटरच्या दांड्याचं टोक. गोल नाकाच्या गोळीला वाटीसारखं, चपट्या नाकाच्या गोळीला सपाट. आरसीबीएसच्या सेटमध्ये बदलायची टोकं येतात, डिलनचं टोक उलटं करून वापरता येतं. वाडकटर, म्हणजे पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसणारी नळकांड्यासारखी गोळी, भरणार असाल तर सपाट टोकाशिवाय घेऊच नका. वाटीचं टोक तिच्या कपाळावर गोल ठसा उठवतं.

मायक्रोमीटरवाली सीटर छान असते, महाग असते. चार प्रकारच्या गोळ्या आलटून-पालटून भरत असाल तर घ्या. एकच गोळी वर्षभर भरत असाल तर ते पैसे एक्स्पांडरला द्या.

पायरी सहावी : क्रिंप वेगळी हवी का

एकाच डायमध्ये गोळी बसवणं आणि क्रिंप करणं म्हणजे गोळी अजून खाली सरकत असतानाच तोंड मिटायला लागतं. सगळ्या पुंगळ्या एका लांबीच्या असतील आणि गोळीला खाच असेल तर हे जमतं. .३८ मध्ये आमच्या क्लबातले जुने लोक वर्षानुवर्षं असंच करत आलेत. पण पुंगळी जरा लांब निघाली की क्रिंप आधी सुरू होते, तोंड गोळीत रुततं, शिसं खरवडतं, कधी पुंगळीच खांद्याखाली चुरमडते. म्हणून पिस्तुलाच्या काडतुसाला मी वेगळी टेपर क्रिंप डाय घेतो. रिव्हॉल्व्हरला भोक शिल्लक असेल तर घ्या, नसेल तर पुंगळ्या एका मापात ट्रिम करा.

लीची ‘फॅक्टरी क्रिंप डाय’ लोकप्रिय आहे. हँडगनच्या या डायमध्ये खाली आणखी एक कार्बाइड रिंग असते, ती तयार काडतूस पुन्हा मापातून काढते. काडतूस चेंबरमध्ये जाण्याची जवळजवळ हमी मिळते. पण जाड, ओतीव शिशाची गोळी असेल तर ही रिंग पुंगळीसकट गोळीलाही दाबते, आणि पकडीचा तोच जुना तोटा पदरात पडतो. काडतूस बाहेर येताना हँडलला ठळक अडकल्यासारखं जाणवत असेल तर चूक आधीच्या एखाद्या डायमध्ये आहे. ही डाय ती फक्त झाकते.

क्रिंप किती, ते मोजून ठरवा. गोळीचा व्यास अधिक भिंतीची जाडी दोनदा. ९ एमएममध्ये ०.३५५ आणि साधारण ०.०११ दोनदा, म्हणजे ०.३७७. तोंडाचं माप ०.३७७-०.३७८ च्या आसपास आलं की थांबायचं, वरची मर्यादा ०.३८०. .४५ एसीपीला ०.४७०-०.४७१ ठीक, मर्यादा ०.४७३.

.३५७ आणि .४४ मॅग्नममध्ये क्रिंपचं काम खरंच मोठं आहे. धक्का इतका जोरात बसतो की सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांच्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. तिथे खाचेत बसलेला घट्ट रोल क्रिंप हवाच. तरीही खालची पकड आधी, क्रिंप नंतर.

पायरी सातवी : डमीवर लावून बघा

डाय बसवणं आणि तपासणं हे सगळं दारू आणि प्रायमर नसलेल्या पुंगळीवरच करा. दारूचा डबा त्या दिवशी खोलीतसुद्धा नको.

सायझर लावली, एक्स्पांडरने तोंड फाकवलं. आता सीटर सैल ठेवा, डमी पुंगळी वर आणा, डाय हाताने फिरवत खाली आणा. आतला खांदा तोंडाला टेकल्याचं बोटांना कळतं. तिथून एक पूर्ण फेरा मागे घेऊन लॉकनट आवळा, म्हणजे ही डाय आता क्रिंप करणार नाही. मग दांडा थोडा-थोडा खाली घेत मॅन्युअलमधली एकूण लांबी गाठा. क्रिंप डायही तशीच टेकवा आणि एकेक अष्टमांश फेरा खाली घेत तोंड मोजत जा.

लॉकनटबद्दल दोन शब्द. काहींत रबरी रिंग असते, ती घर्षणाने धरते. डाय एकदा बसवून कायम तिथेच ठेवणार असाल तर चालते. सिंगल स्टेजवर रोज डाय काढ-घाल होते, तेव्हा स्क्रूने आवळणारी लॉकरिंग बरी, सेटिंग हलत नाही.

पिस्तुलाची नळी काढून तिच्यात डमी सोडा. ‘टक्’ असा आवाज करत आत बसायला हवी आणि नळी उलटी केल्यावर आपोआप बाहेर पडायला हवी. अडली तर गोळीच्या नाकावर आणि पुंगळीच्या तोंडावर मार्करची शाई लावून पुन्हा सोडा. शाई जिथे खरवडली तिथे दोष. तोंडाशी खरवडली तर क्रिंप कमी, गोळीवर खरवडली तर गोळी लांब बसलीय, बुडाशी खरवडली तर सायझर पुरेशी खाली गेलेली नाही.

आता पकडीची परीक्षा. लांबी मोजून ठेवा. डमी टेबलाच्या कडेला नाक टेकवून अंगठ्याने जोरात दाबा आणि पुन्हा मोजा. मग तीच डमी मॅगझिनमधून चार-पाच वेळा चेंबरमध्ये घ्या, परत मोजा. गोळी आत सरकलेली असेल तर पुढे जाऊ नका. ९ एमएम किंवा .४० सारख्या छोट्या पुंगळीत गोळी थोडी जरी आत ढकलली गेली तरी दारूसाठीची जागा कमी होऊन दाब झपाट्याने वाढतो. उपाय क्रिंप आवळणं नव्हे. एक्स्पांडरचा व्यास मोजा, पुंगळीची भिंत पातळ आहे का बघा, सायझर पूर्ण खाली येते का ते तपासा.

.४० च्या फुगवट्यासाठी पुंगळी डायमधून आरपार ढकलायचं लीचं किट मिळतं. ते ९ एमएमला वापरत नाहीत, कारण निमुळती पुंगळी आरपार ढकलली की बूड तोंडाच्या मापाचं होऊ पाहतं.

मग कंपनी कुठली

ली सगळ्यात स्वस्त, सेटमध्ये शेलहोल्डरही देते, पहिल्या सेटसाठी उत्तम. आरसीबीएस आणि हॉर्नडी मधल्या किमतीच्या, दणकट. डिलन प्रोग्रेसिव्हवाल्यांची. रेडिंग नेमबाजीत गुण मोजणाऱ्यांची. सगळ्यांचे आटे सारखे असल्याने एकाच कंपनीशी लग्न लावायची गरज नाही. माझ्या ९ एमएमच्या टूलहेडवर (प्रेसच्या डाय बसवायच्या सुट्या पट्टीवर) सायझर लीची, एक्स्पांडर लायमनचा, सीटर रेडिंगची आणि क्रिंप डिलनची आहे. हा खिचडी सेट एका दिवसात जमला नाही. आधी चार डायचा साधा कार्बाइड सेट घेतला, एकेक अडचण आली तशी एकेक डाय बदलत गेलो. तुम्हीही तसंच करा.

जुना सेट घेताना ‘कार्बाइड’ हा शब्द कोरलेला आहे का बघा. नसेल तर आत टॉर्च मारा, रिंगेचा सांधा वेगळ्या रंगात दिसतो. एक चकचकीत पुंगळी खिशात नेऊन रिंगेतून हाताने फिरवा, उभा ओरखडा उमटला तर परत ठेवा. नव्या डायला गंजू नये म्हणून तेल फासलेलं असतं, ते सॉल्व्हंटने धुवा, नाहीतर दारूचे कण आत चिकटतात. काम झाल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. पुंगळ्यांवरच्या काजळीत शिसं असतं, त्या हाताने पोळी खायची नाही.

आणि सेटिंग जमलं की त्या डमीवर परमनंट मार्करने ‘डमी’ असं मोठं लिहून ती डायच्याच डबीत ठेवा, सोबत चिठ्ठी : कुठली गोळी, एकूण लांबी, तोंडाचं माप, दांड्याचं कुठलं टोक. सहा महिन्यांनी प्रेस उघडाल तेव्हा ती डमी शेलहोल्डरमध्ये घाला, वर आणा, सीटरचा दांडा तिच्या नाकाला टेकेपर्यंत फिरवा. निम्मं सेटिंग तिथेच झालं.